सारजाबाईचं ऊन

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. भावाजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवाजवळही नाही. देवासमोर हात जोडून उभी राहिले की मी दुसरंच काहीतरी मागत असे. पाठदुखी कमी होऊ दे, भाच्याला नोकरी लागू दे, असं. हे मात्र कधी ओठांवर आलं नाही. आता ऐंशीला आले आहे. पण म्हातारपणी सगळं बोलून मोकळं व्हावं म्हणून सांगते आहे असं समजू नका. मोकळं होता येत नाही, एवढं मला कळलेलं आहे. तरी सांगते.

कुठून सुरू करू? कारंज्याच्या हिवाळ्यापासून करते. तिथं जरा रेंगाळायला मला अजून आवडतं. हेही कबूल केलेलं बरं.

संयुक्त महाराष्ट्र अजून झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. कारंजा लाडला कापसाच्या दिवसांत एक वेगळंच तेज यायचं. मार्गशीर्ष लागला की वेशीपासून जिनिंगच्या कारखान्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची. गाड्यांवर पांढरे ढीग, ढिगांवर पागोटी बांधलेली माणसं, आणि हवेत सतत तरंगणारे कापसाचे तंतू. ते केसांत अडकायचे, चहाच्या कपात पडायचे. सकाळी जैन मंदिराची घंटा वाजायची, मग लांबून अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीची शिटी. बाजारात हरभऱ्याचा कोवळा पाला यायचा. त्यात कच्चं तेल, तिखट, मीठ आणि कांदा घालून केलेला घोळाना आणि ज्वारीची गरम भाकरी! त्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे. कितीतरी गोष्टी विसरले, ती चव नाही विसरले.

गावाच्या वेशीबाहेर एका कापसाच्या व्यापाऱ्यानं निराधार म्हाताऱ्या माणसांसाठी घर बांधलं होतं. जैन गृहस्थ, मनानं मोठा माणूस. आम्ही सगळे त्यांना शेठजी म्हणायचो, इथंही तेवढंच म्हणते. त्या घराला गावात ‘बुढ्यांची धर्मशाळा’ म्हणत. लांबलचक इमारत, वर टिनाचं छप्पर, पुढं ओसरी आणि ओसरीपुढं मोठं अंगण. तिथं मी देखरेखीला होते. वय सत्तावीस. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला. भावाच्या घरी किती दिवस राहणार? अमरावतीला सातवीपर्यंत शिकले होते, अक्षर चांगलं होतं, म्हणून शेठजींनी ठेवून घेतलं. तिथं बारा म्हातारी माणसं होती. सगळे मला ‘बाई’ म्हणत.

माझा तिथला पहिला हिवाळा फार वाईट गेला. त्या मोठ्या खोल्यांत गारठा असा साचायचा की विचारू नका. म्हातारी माणसं वाकळीत शिरायची ती भिंतीकडे तोंड करून दुपारपर्यंत तशीच पडून राहायची. गुडघे आखडायचे. जेवण नको, बोलणं नको. मी काय करायची? सुंठीचा काढा द्यायची, आणखी एक घोंगडी घालायची आणि खिडक्या लावून घ्यायची. एका महिन्यात दोघं गेली. मोठा आजार कुणालाच नव्हता. पडून पडून गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मीही तसंच म्हटलं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी सारजाबाई आली.

ती दिसायला कशी होती ते सांगते. उंच, काटक, पाठीत थोडी वाकलेली. वय पासष्टीच्या आसपास असेल, तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. उभी हयात तिनं कापूस वेचण्यात घालवली होती. शेवटची वीस वर्षं ती वेचणाऱ्या बायांची मुकादमीण होती, चाळीस-पन्नास बाया तिच्या हाताखाली. बोंडांच्या टोकांनी ओरबाडून ओरबाडून तिच्या बोटांची कातडी झाडाच्या सालीसारखी झाली होती. मूलबाळ नव्हतं. कामरगावजवळच्या एका वस्तीवर पुतण्या होता, त्यानं तिला गोठ्यात बाज टाकून दिली होती. ‘ढोरायसंगं राह्यले, आता माणसायसंगं राह्याचं हाये’, असं शेठजींना सांगून ती आमच्याकडे दाखल झाली.

दुसऱ्याच सकाळी तिनं बायकांच्या खोलीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

“अवं, काहून निजून राह्यल्या?” तिचा आवाज शेतात हाक मारायच्या सवयीचा, मोठा. “ऊन बाहेर पडलं हाये अन् तुमी आत?”

मी धावत गेले आणि खिडक्या पुन्हा लावल्या. तिला रागावलेही. म्हटलं, गारठा लागून कुणाला काही झालं तर जबाबदारी माझी आहे. ती माझ्याकडे बघून हसली, आणि यमुनाकाकूच्या बाजेवर जाऊन बसली. यमुनाकाकू आंधळी होती, तिचा डावा कानही गेला होता. ती महिनोन्‌महिने कुणाशी बोलत नसे. सारजाबाईनं तिचे हात आपल्या हातांत घेतले आणि नुसते चोळत राहिली. तासाभरानं पाहते तर दोघी अंगणात. यमुनाकाकूचं तोंड उन्हाकडे, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. रडत नव्हती हो. ऊन लागत होतं तोंडाला, त्याचं पाणी.

चार दिवसांत पाच जण बाहेर आले. आठवड्यात सगळे.

आणि मग तो गोल सुरू झाला. कसा सांगू तुम्हाला? सकाळचं ऊन अंगणात आलं की पऱ्हाट्यांची शेकोटी पेटायची. कापूस वेचून झाल्यावर उरतात ना वाळक्या काड्या, त्या पऱ्हाट्या. हात शेकून झाले की सगळे गोल करून बसायचे, पाठी उन्हाकडे. सारजाबाईनं जुन्या लुगड्याची चिंधी आणि कापूस घेऊन एक चेंडू शिवला होता, नारळाएवढा, मऊ. तो ज्याच्या ओटीत पडेल त्यानं आपल्या गावची एक गोष्ट सांगायची. विहिरीची, जत्रेची, भांडणाची, कसलीही. सांगता आली नाही तर टाळ्या वाजवून गाणं म्हणायचं. गाताही आलं नाही तर नुसते पाय आपटायचे. पण काहीतरी करायचंच. चेंडू धरून गप्प बसायची मुभा नव्हती.

मग चिंचोक्यांचे खेळ. मूठभर सरकी, म्हणजे कापसाचं बी, या हातातून त्या हातात न सांडता पूर्ण गोलभर फिरवायची — त्यानं आखडलेली बोटं सुटायची. ती म्हणायची, शेतावर थंडीच्या सकाळी दव सुकेपर्यंत बायांचे हात चालत नाहीत, तेव्हा आम्ही बांधावर बसून हेच करायचो. सगळं तिच्या शेतातून आलेलं. प्रत्येक खेळ, प्रत्येक गाणं.

मला स्वतःला चेंडू झेलता येत नसे. लहानपणी कधी खेळलेच नाही, कुठून येणार? तिनं मला गोलात बसवलं आणि दहादा माझ्याकडे टाकला. दहाही वेळा पडला. म्हातारी माणसं हसून हसून बेजार. अकराव्या वेळी मी तो धरला, तर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. नवरा गेल्यानंतर मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले ते तेव्हा. हे मला नीट आठवतं.

दौलतबुढा नावाचा एक जण होता. जऊळक्याच्या स्टेशनाजवळ रुळांवर गँगमन म्हणून तीस वर्षं काम केलेला. पोरगा गेल्यापासून त्याची वाचाच बसल्यासारखी झाली होती. त्याच्या ओटीत चेंडू पडला की तो खाली बघत राहायचा. सारजाबाई थांबायची. सगळा गोल थांबायचा. दहा-बारा दिवस असंच चाललं. मग एके सकाळी त्यानं चेंडू उचलला, तोंड वर केलं, आणि आगगाडीची शिटी काढली — हुबेहूब! वळणावरची लांब शिटी, मग स्टेशनात शिरतानाची आखूड. यमुनाकाकूनं घाबरून लुगडं सावरलं, गाडी खरंच आली म्हणून. त्या दिवसापासून दौलतबुढा बोलू लागला, आणि बोलू लागला तो थांबेचना.

मार्गशीर्षात शेठजींच्या शेतावर हुरडा खायला गेलो. दोन गाड्यांत पेंढा अंथरून त्यावर सगळ्यांना बसवलं. गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीची कोवळी कणसं भाजली, सारजाबाई ती तळहातांवर चोळून दाणे काढायची आणि फुंकर मारून ज्याच्या त्याच्या हातावर ठेवायची. तिच्या त्या सालीसारख्या हातांना चटका म्हणून लागत नसे. दात नसलेल्यांसाठी तिनं हुरडा ठेचून गुळात मळला. परतताना दोन्ही गाड्यांत सगळी माणसं गात होती. रस्त्यानं येणारीजाणारी थांबून बघत होती. मी गाडीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसले होते. एवढं सुख मला पुन्हा कधी मिळालं?

त्या हिवाळ्यात सारजाबाई असेपर्यंत आमच्याकडे कुणी दगावलं नाही.

शेठजी रोज सकाळी मंदिरातून येताना अंगणात डोकावत. एकदा बराच वेळ उभे राहिले. मग मला बाजूला बोलावून म्हणाले, “बाई, ही काय जादू केलीत तुम्ही? गेल्या वर्षीची हीच माणसं का ही?”

मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, “आपला आशीर्वाद आहे.”

खोटं बोलले का मी? नाही. फक्त एक नाव घेतलं नाही. त्या दिवशी मला वाटलंही की उद्या सांगू. उद्या सांगितलं नाही. परवाही नाही. शेठजी जो येईल त्याला सांगू लागले — आमच्या बाईंनी म्हाताऱ्यांना खेळायला लावलं, आमच्या बाईंनी माणसं जगवली. बाजारात लोक मला वाट देऊ लागले. डॉक्टर नमस्कार करू लागले. पांढऱ्या कपाळाच्या बाईला सकाळी कुणी समोरून नमस्कार करत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला? मला करू लागले. गोड लागलं. इतकं गोड की ते माझंच आहे असं मला वाटायला लागलं.

हे मी अजून मूळ गोष्टीपाशी येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. येते.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात नागपूरहून एक पाहुण्या आल्या. समाजकामाच्या कुठल्याशा समितीवर होत्या, शेठजींनी त्यांना पत्र लिहून बोलावलं होतं. पांढरी खादी, चष्मा, हातात वही. अंगण सारवून रांगोळी काढलेली. तिळगूळ दिला. गोल बसला. त्या दिवशी सगळे अगदी रंगात आले होते. दौलतबुढ्यानं शिटी काढली, यमुनाकाकूनं तिच्या आईची ओवी म्हटली. पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मग त्यांनी विचारलं, “ही कल्पना मुळात कुणाची?”

शेठजी म्हणाले, “आमच्या बाईंची.”

मी खाली बघितलं, लाजल्यासारखं. आणि तेवढ्यात सारजाबाई हसली. तिच्या हसण्यात काही वाकडं नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगेन. लेकीची गंमत सांगावी तसं ती म्हणाली, “या बाईले तं चेंडूई धरता येत नव्हता! म्या शिकवला. दहा बार पाडला तिनं.”

गोल हसला. दौलतबुढा म्हणाला, व्हय व्हय. पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. शेठजींनीही बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, संशय नव्हता, नुसता एक प्रश्न होता. मी ‘हो’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? काहीही नाही. सगळे आणखी हसले असते. पाहुण्यांनी वहीत आणखी एक नाव लिहिलं असतं. माझी नोकरी जात नव्हती, अन्न तुटत नव्हतं. मला होणारे नमस्कार थोडे कमी झाले असते, एवढंच.

मी पाहुण्यांच्या जवळ सरकले. आवाज खाली आणून, समजूतदारपणे, म्हटलं, “त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. काहीही बोलतात. आम्ही सांभाळून घेतो.”

पाहुण्यांनी मान हलवली. वहीत काहीतरी लिहिलं. सारजाबाई माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. तिचे कान तरुण पोरीसारखे तीक्ष्ण होते. चेंडू तिच्या ओटीत होता. तिनं तो पुढं टाकला नाही.

इथवरचं असतं तर मी कदाचित म्हटलं असतं की तोंडातून निसटलं. माणसाच्या तोंडून काय काय निसटतं. पण दुसऱ्या सकाळी शेठजी आले. एकटे. ओसरीवर बसले आणि म्हणाले, “बाई, पाहुण्या जाताना म्हणाल्या की वेडसर माणूस बाकीच्यांत ठेवणं बरं नाही. आपला नियमही तसाच आहे. मला तर ती शहाणी वाटते. तुम्ही रोज बघता. खरं काय ते सांगा.”

किती सरळ विचारलं होतं त्यांनी! जणू माझ्यापुढं दार उघडून धरलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं — शेठजी, चुकले.

मी म्हटलं, “आल्यापासूनच तशी आहे.” आणि तेवढ्यावर थांबले नाही. पुरावे दिले. म्हटलं, ती एकटीच पुटपुटत बसते. ती पुटपुटत असे हे खरंच होतं. उद्याच्या गोलासाठी जुनी गाणी आठवत असे, कडवी जुळवत असे. म्हटलं, स्वतःचं ताट दुसऱ्याला देऊन टाकते आणि उपाशी राहते. तेही खरं होतं. यमुनाकाकूला भूक जास्त लागायची म्हणून अर्धी भाकरी तिला द्यायची. म्हटलं, थंडीत खिडक्या उघडते. तिचा एकेक चांगुलपणा मी उचलला आणि वेडाच्या नावाखाली शेठजींपुढं मांडला. शेठजी म्हणाले, “बिचारी.” आणि पुतण्याला निरोप धाडायला सांगितलं.

निरोपाची चिठ्ठी मीच लिहिली. माझं अक्षर चांगलं होतं ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या गाडी घेऊन आला. सारजाबाईचं सामान म्हणजे एक गाठोडं. तिनं आरडाओरडा केला नाही. मला भीती होती ती करेल, आणि खरं सांगू? करावा अशी आशाही होती. म्हणजे ‘बघा, आहेच वेडी’ असं म्हणता आलं असतं. ती शांतपणे एकेकाच्या पाया पडली, वयानं लहान होते त्यांच्याही. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाई, मी येडी नाई. तुमाले माईत हाये.”

मी म्हटलं, “शेठजींचा हुकूम आहे.”

“मले कायले येडी केलं?”

अंगणात ऊन आलं होतं, शेकोटीचा धूर सरळ वर जात होता. ती जायला वळली, आणि पुन्हा मागं फिरली. मला वाटलं आता शिव्या देणार. ती म्हणाली, “यमुनेच्या उजव्या बाजूनं बोलत जाजा. डावा कान गेला हाये तिचा. चेंडू देण्याआधी पाठीवर हात ठेवत जा, नाईतं दचकते ते.”

गाडीत चढताना तिला हात हवा होता. गुडघे धरले होते. पुतण्या बैलांपाशी होता. मी ओसरीवर उभी होते, चार पावलांवर. दौलतबुढा काठी टेकत गेला आणि त्यानं तिला वर चढवलं.

दुसऱ्या सकाळी मी गोल भरवला. भरवावाच लागला, पुढच्या आठवड्यात आणखी कुणी बघायला येणार होतं. दौलतबुढा बाहेर आला नाही. मी बोलवायला गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “ज्या तोंडानं तिले येडी म्हटलं, त्या तोंडानं मले हाक नका मारू.” बास. त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. माघ संपायच्या आत तो गेला. मी रजिस्टरात वय झालं होतं म्हणून लिहिलं.

आणि माझं काय झालं? चांगलं झालं. पुढच्या हिवाळ्यात मला नागपूरला बोलावलं. बायकांच्या एका सभेत मी उभी राहून सांगितलं की थंडीच्या दिवसांत वृद्धांना उन्हात कसं बसवावं, बोटांसाठी सरकीचा खेळ कसा घ्यावा, बोलत नसलेल्या माणसाला बोलतं कसं करावं. शिटीची गोष्टही सांगितली, टाळ्या पडल्या. एका लहानशा पुस्तिकेत ते माझ्या नावानं छापून आलं. लोक मला विचारत, तुम्हाला हे सुचलं कसं? मी म्हणायची, अनुभवातून.

एकदा मात्र मी तिच्याकडे गेले होते. त्याच हिवाळ्यात, संक्रांतीला. डब्यात तिळगूळ घेतला, मोटारीनं कामरगावला उतरले आणि वस्तीची वाट विचारत चालत गेले. कशासाठी? माफी मागायला असं मी वाटेत स्वतःला सांगत होते. वस्तीच्या तोंडाशी एक बाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. तिला सारजाबाईचं घर विचारलं.

“कोण? येडी सारजा?” ती म्हणाली. “ते काय, गोठ्यापाशी बसली हाये. जवळ नका जाऊ बाप्पा. कारंज्याहून धाडली तिले, येड लागलं म्हून. मोठ्या बाईनं चिठ्ठीत लेहून देल्लं हाये.”

मी कडुलिंबाच्या आडोशाला उभी राहिले. वीस-पंचवीस पावलांवर ती होती. गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून, उन्हात. फार वाळली होती. समोरून दोन म्हाताऱ्या बायका चालल्या होत्या, तिच्याच वयाच्या, कदाचित तिच्याबरोबर कापूस वेचलेल्या. तिनं त्यांना हाक मारली. आवाज तोच, मोठा, शेतातला. “या वं, बसा जराशा. ऊन चांगलं हाये.” त्या दोघींनी पदर ओढून घेतला आणि पावलं उचलली. ती हसून आपल्याच हातांकडे बघत बसली. मग हात चोळायला लागली. एकटीच.

मी पुढं गेले नाही. किती वेळ उभी होते? बराच. तिनं एकदा मान वळवून झाडाकडे पाहिलंही. मी खोडामागं झाले. मग आले त्या वाटेनं परत फिरले. तिळगूळ मोटारीतल्या लोकांना वाटला, गोड गोड बोला म्हणत. ते म्हणाले, देवमाणूस आहात बाई.

तिथून दुसऱ्या उन्हाळ्यात ती गेली. कामरगावहून भाजी घेऊन येणाऱ्या माळणीनं बोलता बोलता सांगितलं. गोठ्यातच गेली. मी मेथी घेतली आणि आत आले.

तुम्ही विचाराल, नंतर तरी कुणाला सांगितलं का? शेठजी त्यानंतर सात वर्षं जगले. रोज सकाळी मंदिरातून येताना अंगणात यायचे, माझ्याशी पाच मिनिटं बोलायचे. पाऊस, कापूस, कुणाचा खोकला. कधीकधी स्वतःहून म्हणायचे, ती सारजा चांगली होती हो, डोक्यानं घात केला बिचारीच्या. मी मान हलवायची.

तिचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगायला मला सात वर्षं रोज सकाळ मिळाली. मी सांगितलं नाही.